एक प्रसंग सांगा : महामारीतल्या समाजकार्यावरच्या एका संयुक्त संशोधनाचं प्रकरण

२०२० च्या एप्रिलमध्ये मी कौटुंबिक समुपदेशनाचं काम फोनवरून करत होते. एका बाईंना दर आठ दिवसांनी फोन जायचा. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? पुन्हा काही वाद वगैरे?" पलीकडून उत्तर आलं, "हो हो मॅडम, औषधं आली कालच."

औषधांचं मी विचारलंच नव्हतं. आधी वाटलं, माझा आवाज नीट पोचला नसेल. तेवढ्यात मागचा टीव्हीचा आवाज एकदम खाली गेला आणि लक्षात आलं, फोन त्या एकट्या ऐकत नाहीत. मग मीही औषधांवरच बोलत राहिले. गोळ्या किती, जेवणाआधी की नंतर, पाकीट कधी संपेल. सहा-सात मिनिटं आम्ही दोघी बोललो आणि जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं.

फोन ठेवल्यावर पंचाईत झाली ती केस फाईलमध्ये काय नोंदवायचं याची. 'औषधे मिळाली' असं लिहिलं तर ते त्यांच्याच तोंडचं, पण खोटं. 'नवरा ऐकत होता' असं लिहिलं तर तो माझा अंदाज. शिवाय ती नोंद ज्या कॉम्प्युटरवर जाणार तो आता कार्यालयात नव्हता, माझ्या घरात होता आणि घरातले सगळेच तो वापरत होते. एरवी अशा वेळी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे वळून विचारलं असतं, "अगं, तू काय लिहिशील?" तेव्हा शेजारी भिंत होती. शेवटी तारीख टाकली आणि दोनच शब्द लिहिले : 'संभाषण अपूर्ण'. त्या रात्री झोप लागली नाही. इतकी वर्षं काम करून आपल्याला साधा फोन सांभाळता येऊ नये, हा माझाच कमीपणा आहे, असं मी धरून चालले होते.

पुढे काही महिन्यांनी आंतरराष्ट्रीय समाजकार्यकर्ता महासंघाच्या सहकार्याने झालेल्या एका अभ्यासाचा अहवाल वाचायला मिळाला. त्यात सहा मुद्दे होते. पहिलाच मुद्दा असा की फोनवरून किंवा इंटरनेटवरून विश्वासाचं, प्रामाणिक, सहवेदनेचं नातं जोडायचं कसं आणि टिकवायचं कसं, आणि ते करताना माणसाची गोपनीयता सांभाळायची कशी. मी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. ती ओळ वाचून कागद खाली ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. ज्याला मी माझा कमीपणा म्हणत होते, तो ५४ देशांतून आलेल्या उत्तरांतला पहिला मुद्दा होता.

हे प्रकरण त्या अभ्यासाचं आहे. गेली काही वर्षं मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना तो शिकवते. संकटात संशोधकांनी एकत्र येणं म्हणजे नेमकं काय, ते कामी केव्हा येतं आणि कुठे कमी पडतं, हे त्याच्याइतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आधीची परिस्थिती

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महामारी असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर सहाच दिवसांनी, १७ मार्चला, जागतिक समाजकार्य दिन होता. त्या वर्षीचा विषय कितीतरी आधी ठरलेला होता : मानवी नात्यांचं महत्त्व. देशामागून देश माणसांना एकमेकांपासून लांब राहायला सांगत होते, नेमक्या त्याच आठवड्यात हा विषय आमच्यासमोर आला. समाजकार्याकडे औषध नाही, यंत्र नाही. आमच्या हातात नातं असतं. कोणाच्या तरी दारात जाऊन उभं राहणं, चपला काढून आत बसणं, बोलताना त्याची नजर कुठे जाते ते पाहणं, मूल कोणाच्या मागे लपतं ते टिपणं. गृहभेट बंद झाली आणि हे सगळं एका झटक्यात गेलं.

त्यात भर अशी की पहिल्या टप्प्यात बऱ्याच ठिकाणी समाजकार्य अत्यावश्यक सेवांत धरलंच गेलं नाही. महासंघाचे तेव्हाचे सरचिटणीस रॉरी ट्रुएल यांनी पहिल्या पाच महिन्यांचा आढावा लिहिला आहे. सेवा बंद पडू नयेत म्हणून निरनिराळ्या देशांतल्या संघटनांना जी धडपड करावी लागली, ती त्यात वाचायला मिळते. मास्क, हातमोजे, पीपीई किट यांच्या वाटपातही कार्यकर्ता बहुधा रांगेच्या शेवटाला असायचा.

महासंघाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हा अभ्यास हवेतून उभा राहिला नाही. १९२८ मध्ये पॅरिसला समाजकार्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ४२ देशांतून प्रतिनिधी आले होते. कार्यकर्त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची बीजं तिथली. आजच्या रूपातला महासंघ १९५६ चा. शंभराहून अधिक देशांतल्या राष्ट्रीय संघटना त्यात आहेत. २०१८ मध्ये डब्लिनला त्याने नैतिक तत्त्वांचं नवं निवेदन मंजूर केलं. त्यात ९ तत्त्वं आहेत : प्रतिष्ठा, मानवी हक्क, सामाजिक न्याय, स्वयंनिर्णय, सहभाग, गोपनीयता असं करत करत तंत्रज्ञान आणि समाजमाध्यमांच्या जबाबदार वापरापर्यंत. म्हणजे कागदावर तयारी होती, फोन-इंटरनेटचासुद्धा विचार झालेला होता. पण ही तत्त्वं एकमेकांवर आदळली की काय करायचं, हे निवेदन सांगू शकत नाही. गोपनीयता राखायची म्हणून मी गप्प राहायचं, की सुरक्षितता महत्त्वाची म्हणून विचारायचं? दोन्हींचा विचार त्याच निवेदनात आहे.

प्रश्न कसा विचारला

इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या प्राध्यापक सारा बँक्स या समाजकार्याच्या नीतिविचारावर कितीतरी वर्षं काम करताहेत. त्यांच्या पुढाकाराने समाजकार्याच्या नीतिशास्त्रावर काम करणारा एक आंतरराष्ट्रीय गट आणि महासंघ एकत्र आले. निघालेल्या शोधनिबंधावर १० जणांची नावं आहेत. त्यांत नेदरलँड्स, स्लोव्हेनिया, स्पेन, कॅनडा, अमेरिका, हाँगकाँग इथले अभ्यासक आहेत आणि खुद्द ट्रुएलही आहेत. ऑनलाइन सर्वेक्षण ६ ते १८ मे २०२० असं १३ दिवस चाललं. ६०७ उत्तरं आली.

या आकड्यांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती प्रश्नाची घडण. संकटात आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रश्नावल्या टिकमार्कच्या असतात. तुम्हाला ताण किती, एक ते पाच. साधनं पुरेशी आहेत का, हो की नाही. त्या भरायला सोप्या आणि मोजायलाही सोप्या. या अभ्यासाचा गाभा खुला होता. महामारीत तुमच्यासमोर कोणते नैतिक पेच आले ते लिहा, आणि मग त्यातला एक प्रसंग जरा विस्ताराने सांगा. एवढंच.

मत मागितलं की माणूस छापील बोलतो. प्रसंग मागितला की त्याला त्या दारापाशी परत जावं लागतं. कोण होतं, काय म्हणालं, मी काय केलं, काय करायला हवं होतं. दमलेल्या माणसाकडे हे मागणं सोपं नव्हतं, तरीही ६०७ जणांनी लिहिलं. त्यांना कोणी आधी विचारलंच नव्हतं, असं मला वाटतं.

भाषेचा एक अनुभव इथे सांगते. सर्वेक्षण एकाहून जास्त भाषांत होतं आणि भाषांतर करणाऱ्यांना हा पेच नक्की पडला असणार. मराठीत 'नैतिक' म्हटलं की चारित्र्य आठवतं. पहिल्या वर्षी मी वर्गात सांगितलं, "तुमच्यासमोर आलेलं एक नैतिक आव्हान लिहा." मुलांनी सुविचार लिहून आणले. सत्याची कास धरावी, कर्तव्याला चुकू नये. पुढच्या वर्षी विचारलं, "काम करताना पाय कुठे अडखळला ते सांगा. दोन्हीकडून चूकच होणार, असं कधी वाटलं?" मग पानंच्या पानं भरून आली. एका मुलीने लिहिलं होतं की एका वृद्ध गृहस्थांना ती रोज फोन करत असे आणि एक दिवस त्यांनी विचारलं, "बाळ, तू सरकारी कामाचा भाग म्हणून करतेस की मनापासून?" तिला उत्तर देता आलं नाही, कारण दोन्ही खरं होतं. खरा प्रसंग असा असतो. तो बाहेर यायचा तर प्रश्नही त्या माणसाच्या बोलीत उतरावा लागतो. अनेक देशांच्या संयुक्त अभ्यासात भाषांतर हे काम शेवटी उरकण्याचं नाही. अभ्यासाची अर्धी गुणवत्ता तिथेच ठरते.

काय हाती आलं

सहा मुद्द्यांपैकी पहिला वर आला आहे. त्यात फोन-इंटरनेटसोबत प्रत्यक्ष भेटीचाही विचार आहे, पण मास्क आणि किट चढवून झालेल्या भेटीचा. निम्मा चेहरा झाकलेल्या माणसाला मूल घाबरतं. ओठांच्या हालचाली वाचणाऱ्या बहिऱ्या माणसाचा तर आपल्याशी असलेला एकमेव दुवाच तुटतो. सुरक्षिततेचं साधनच नात्याच्या आड येतं, ही गोष्ट महामारीआधी आमच्या कोणत्याही प्रशिक्षणात नव्हती.

दुसरा मुद्दा अग्रक्रमाचा. गरजा वाढल्या, त्यांचं स्वरूप बदललं, साधनं आटली आणि पूर्ण मूल्यमापन करायची सोय राहिली नाही. मग आधी कोणाकडे जायचं? तिसरा जोखमीचा. समोरच्याचे हक्क आणि गरजा एका पारड्यात, आपल्याला आणि आपल्यामुळे इतरांना असलेला धोका दुसऱ्यात. घरी म्हातारे आईवडील असलेल्या कार्यकर्त्याने संसर्गाच्या वस्तीत जावं का? गेला नाही तर तिथल्या मुलाचं काय? यावर फार लिहिण्यासारखं नाही. ज्याने हे तोललं आहे त्याला ठाऊक आहे आणि बाहेरून बघणाऱ्याला ते सांगून कळत नाही.

चौथ्या मुद्द्यावर मात्र थांबायला हवं : नियम पाळायचा की स्वतःच्या व्यावसायिक विवेकाने वागायचं. एरवी हा प्रश्न क्वचित पडतो, कारण नियम आणि विवेक बहुतेक वेळा एकाच दिशेला असतात. महामारीत नियम दर आठवड्याला बदलत होते, एकमेकांना छेद देत होते, काही ठिकाणी नव्हतेच. इंग्लंडचं उदाहरण घ्या. २५ मार्च २०२० रोजी तिथे कोरोनाव्हायरस कायदा आला आणि प्रौढांच्या काळजीसंबंधीच्या काही कर्तव्यांतून स्थानिक प्राधिकरणांना सूट घेण्याची मुभा मिळाली. काळजीची गरज असलेल्या माणसाचं सविस्तर मूल्यमापन करणं हे कायद्याने बंधनकारक होतं, तेच बाजूला ठेवता येऊ लागलं. प्रत्यक्षात केवळ ८ प्राधिकरणांनी ही सूट अधिकृतपणे घेतली. मला या आकड्याने विचारात पाडलं. सवलत असतानाही बहुतेकांनी ती घेतली नाही, ही त्याची एक बाजू. पण कार्यकर्त्याच्या बाजूने बघा. कायदा सैल झालाय हे त्याला माहीत आहे, आपल्या प्राधिकरणाने सूट घेतलेली नाही हेही माहीत आहे, आणि हाताशी माणसं निम्मी आहेत. मग ज्या आजोबांचं मूल्यमापन फोनवर वीस मिनिटांत उरकलं, ते कायद्याप्रमाणे झालं की नाही? याचं उत्तर कोणाच्याही परिपत्रकात नव्हतं. ते त्याला एकट्याला द्यायचं होतं आणि उद्या चौकशी झाली तर झेलायचंही एकट्यालाच होतं.

पाचवा मुद्दा भावना, थकवा आणि स्वतःची काळजी. सहावा, या काळातून जे शिकलो त्यावरून पुढच्या समाजकार्याची नव्याने मांडणी.

पाचव्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. 'स्वतःची काळजी घ्या' हे वाक्य त्या काळात इतक्या वेळा ऐकलं की ते जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटायचं. दीर्घ श्वास घ्या, चालायला जा, बातम्या कमी बघा. पण माझी झोप बातम्यांनी उडाली नव्हती, त्या फोनने उडाली होती. परिचर्येच्या क्षेत्रात अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये 'नैतिक क्लेश' ही कल्पना मांडली : योग्य काय ते माणसाला कळतं, पण व्यवस्थेच्या अडसरांमुळे ते करता येत नाही, आणि त्याचा जो त्रास होतो तो. हा थकव्याहून निराळा त्रास आहे. थकवा विश्रांतीने जातो. हा त्रास अडसर दूर झाल्याशिवाय किंवा निदान कोणीतरी 'अडसर होता, तुझी चूक नव्हती' असं म्हटल्याशिवाय जात नाही. म्हणून पाचवा मुद्दा चौथ्याला आणि पहिल्याला जोडूनच वाचावा, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. सुटा काढला की व्यवस्थेचा प्रश्न कार्यकर्त्याच्या श्वासोच्छ्वासावर येऊन थांबतो.

न दिसणारं काम

सारा बँक्स यांची एक जुनी मांडणी आहे. या अभ्यासाकडे बघताना ती फार उपयोगी पडते. त्या म्हणतात, नीती म्हणजे फक्त कठीण क्षणी घेतलेला निर्णय नव्हे. त्यामागे रोजचं, सततचं श्रम असतं. या श्रमाचे त्यांनी ७ पैलू सांगितले आहेत : प्रसंगाची चौकट ओळखणं, आपली भूमिका ठरवणं, भावना सांभाळणं, आपण कोण आहोत ती ओळख जपणं, कारणमीमांसा करणं, नातं राखणं आणि हे सगळं वागण्यातून समोरच्याला दिसू देणं.

माझा तो फोन या पैलूंमधून पाहिला तर पहिला पैलू टीव्हीचा आवाज कमी झाला त्या क्षणाचा. तोवर तो चौकशीचा फोन होता, त्यानंतर तो धोक्याचा फोन झाला. बाहेरून काहीच बदललं नव्हतं. भूमिका बदलली : समुपदेशक होते, ती औषधांची विचारपूस करणारी कोणीतरी मॅडम झाले. आवाज कापू द्यायचा नाही, हे भावनेचं काम. आणि वागण्यातून दिसू देणं? ते मला जमलं की नाही, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता. त्या बाईंना माझं औषधांवरचं बोलणं म्हणजे त्यांचा इशारा समजल्याची खूण वाटली, की मीही बाकी सगळ्यांसारखी विषय बदलून मोकळी झाले असं वाटलं?

हे श्रम कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाहीत. किती फोन केले हे येतं, किती मिनिटं बोललो हे येतं. या अभ्यासाने ६०७ ठिकाणचं हे अदृश्य काम नोंदीवर आणलं, ही माझ्या मते त्याची सर्वात मोठी कमाई.

मग याला एकजूट म्हणायचं का?

'सॉलिडॅरिटी' या शब्दासाठी आपण 'एकजूट' वापरतो. त्याला मोर्चाचा, संपाचा वास आहे आणि तो चांगलाच वास आहे. पण इथे जे घडलं त्याच्या जवळ जाणारा आपला शब्दप्रयोग 'पाठीशी उभं राहणं' हा आहे. समाजकार्याच्या २०१४ च्या जागतिक व्याख्येत सामाजिक न्याय आणि मानवी हक्कांच्या जोडीला 'सामूहिक जबाबदारी' हे तत्त्व आहे. २०२० ते २०३० या दशकासाठी आखलेल्या जागतिक कार्यक्रमाचा पहिला विषयही आफ्रिकेतल्या 'उबुंटू' या संकल्पनेवर बेतलेला होता. २०२१ च्या जागतिक समाजकार्य दिनाचं वाक्य होतं : मी आहे, कारण आपण आहोत. शब्द सगळीकडे सुंदर आहेत. ते खरे झाले का, हे तपासायची माझी कसोटी साधी आहे. ज्यांच्याकडून घेतलं, त्यांच्याकडे परत काय गेलं आणि किती दिवसांनी?

या कसोटीवर हा अभ्यास उतरतो. मे महिन्यात उत्तरं गोळा झाली आणि त्याच वर्षी महासंघाने अहवाल खुला केला, शोधनिबंध छापून आला आणि वर्ष संपायच्या आत महामारीच्या परिस्थितीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी नैतिक मार्गदर्शिकाही निघाली. एरवी शोधनिबंधाला दोन-दोन वर्षं लागतात. मग तो ज्यांच्यावर लिहिलाय त्यांना वाचायला मिळत नाही आणि मिळाला तरी संकट सरलेलं असतं. इथे वेग आला, कारण विद्यापीठाकडे पद्धत होती आणि महासंघाकडे वाट होती. राष्ट्रीय संघटनांच्या ज्या जाळ्यातून प्रश्न गेला, त्याच जाळ्यातून उत्तर परत येऊ शकलं. दोघांपैकी एकाने हे एकट्याने केलं असतं तर एक तर नुसती पाहणी झाली असती, नाही तर नुसतं निवेदन.

संकटाच्या काळात संशोधकांची गर्दी होते, हेही लक्षात ठेवायला हवं. प्रत्येकाला माहिती हवी असते आणि ती देणारी माणसं तीच असतात, आधीच पिचलेली. ब्रिटनच्या नफील्ड कौन्सिल ऑन बायोएथिक्स या संस्थेने जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे महामारी जाहीर होण्यापूर्वीच, जागतिक आरोग्यसंकटातल्या संशोधनावर अहवाल काढला होता. त्यात तीन मूल्यांचं होकायंत्र सुचवलं आहे : सर्वांना समान आदर, दुःख कमी व्हायला मदत, आणि न्याय्यपणा. दुसऱ्या मूल्यावर हा अभ्यास पक्का उभा आहे. पहिल्या आणि तिसऱ्या मूल्यावर मात्र मला प्रश्न पडतात.

जे उत्तरांत नाही

उत्तरं देणारे आपणहून पुढे आलेले होते. ज्याच्याकडे इंटरनेट आहे, जो संघटनेच्या संपर्कात आहे, ज्याला सर्वेक्षणाच्या भाषांपैकी एखादी येते आणि ज्याच्याकडे मे महिन्यात प्रसंग लिहून काढण्याइतकी उसंत आहे, तोच यात आला. सर्वात जास्त पिचलेला कार्यकर्ता बहुधा यात नाही. म्हणून या ६०७ मधून टक्केवारी काढणं चुकीचं ठरेल. 'जगातल्या इतक्या टक्के कार्यकर्त्यांना असं वाटतं' असं कोणी म्हणू लागलं की मी लगेच थांबवते. हा अभ्यास पेचांचे प्रकार सांगतो, त्यांचा प्रसार किती हे सांगत नाही.

रुंदीमुळे खोली कमी झाली, हेही खरं. ५४ देशांचे प्रसंग सहा मुद्द्यांत बसवले की प्रत्येक देशाचा कायदा, तिथली कुटुंबाची रचना, सरकारवरचा विश्वास हे सगळं पुसट होतं. ही उणीव संशोधकांनी पुढे काही अंशी भरून काढली. त्याच सर्वेक्षणातल्या युनायटेड किंग्डममधल्या ४१ कार्यकर्त्यांच्या उत्तरांवर सारा बँक्स आणि निकी रटर यांनी वेगळा निबंध लिहिला. हक्क, जबाबदाऱ्या आणि भूमिका यांचा तिथल्या चौकटीत फेरविचार कसा झाला, हे त्यात बारकाईने आलं आहे. आधी सगळ्यांना एकत्र ऐकायचं आणि मग एकेका ठिकाणी खाली उतरायचं, हा क्रम मला योग्य वाटतो. उलट क्रमाने गेलं असतं तर २०२० मध्ये कार्यकर्त्यांच्या हाती काहीच पडलं नसतं.

सर्वात मोठी गैरहजेरी मात्र वेगळी आहे. या अभ्यासात कार्यकर्ते बोलतात, ज्यांच्यासाठी ते काम करतात ती माणसं बोलत नाहीत. मला कळतं की १३ दिवसांत, टाळेबंदीत, इतक्या देशांत त्यांच्यापर्यंत जाणं शक्य नव्हतं, आणि घाईघाईने जाणं कदाचित अन्यायाचंही झालं असतं. अभ्यासाचा विषयही कार्यकर्त्यांसमोरचे पेच हाच होता. तरीही प्रसंग दोघांचा असतो. फोनच्या एका टोकाला मी होते. दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं, हे माझ्या उत्तरातून कसं कळणार? मी माझा प्रसंग लिहिला असता तर त्यात एक गोंधळलेली समुपदेशक आणि एक अडकलेली बाई दिसली असती. तसंच घडलं, असं सगळ्यांनी मानलं असतं.

म्हणून हे प्रकरण शिकवताना मी वर्गात एक गोष्ट करून घेते. प्रत्येकाने आपला प्रसंग लिहायचा, मग तोच प्रसंग समोरच्या माणसाच्या बाजूने पुन्हा लिहायचा, आणि शक्य झालं तर, परवानगी घेऊन, त्या माणसाला दाखवायचा. तिसरी पायरी फार थोडेजण गाठतात. जे गाठतात त्यांच्या लिखाणात एक-दोन वाक्यं तरी खोडलेली असतात आणि खोडलेल्या त्या वाक्यांवरच वर्गात सगळ्यात जास्त वेळ जातो.

माझी तिसरी पायरी त्या फोननंतर सहा आठवड्यांनी आली होती. बंधनं थोडी सैल झाल्यावर त्या बाई एका दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटल्या. दोघींच्या तोंडावर मास्क, मधे दोन खुर्च्यांचं अंतर. मी विचारलं, "त्या दिवशी मी औषधांवरच बोलत राहिले. तुम्हाला काय वाटलं?"

त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा वाटलं, ह्यांना कळलंच नाही. मग तुम्ही विचारलंत, पाकीट कधी संपेल. तेव्हा कळलं, तुम्हाला कळलंय. नुसत्या डोकेदुखीच्या गोळ्या होत्या हो, त्यांची एवढी चौकशी कोण करतं?"

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या दिवसाचं काय लिहिलंय माझ्या कागदात?"

मी फाईल उघडून त्यांच्याकडे वळवली. त्यांनी ते दोन शब्द वाचले, बोट ठेवून पुन्हा वाचले. "अपूर्ण कशाला?" त्या म्हणाल्या. "लिहा, ते घरात होते म्हणून बोलता आलं नाही. आणि लिहा, दुपारी तीननंतर फोन करा."

मी पेन काढलं आणि त्यांनी सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत, खाली लिहिलं.